फॉर्मवर भलतंच दिसतंय? ॲक्सेसच्या फॉर्मची नवख्या ऑपरेटरसाठी तपासणी

खरेदीचा हंगाम सुरू झाला, की विदर्भातल्या कुठल्याही शेतकरी उत्पादक कंपनीच्या किंवा गावच्या सोसायटीच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर असतो आणि त्याच्यावर एकच फॉर्म उघडा असतो. कास्तकाराचं नाव, गाव, गट नंबर, काट्यावरचं वजन, भाव, रक्कम. बाहेर ट्रॅक्टर उभे आहेत, काटापट्टी, म्हणजे वजनाची चिठ्ठी, हातात घेऊन माणसं खिडकीशी आली आहेत, आणि रकमेच्या चौकटीत आकड्याच्या जागी #नेम? असं काहीतरी आलंय. ऑपरेटर म्हणते, "भाऊ, फॉर्मवर काहीबी येऊन रायलं." मागून कोणीतरी सल्ला देतं, चौकट डिलीट करून नवी टाक.

ते करू नका. हा लेख त्याच वेळेसाठी आहे. तुम्ही एमएस-सीआयटी केलं असेल, एक्सेल बऱ्यापैकी येत असेल, पण ॲक्सेसची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नोंदी ठेवण्याच्या प्रोग्रॅमची, ही फाईल दुसऱ्या कोणी बनवून दिली असेल आणि तो माणूस आता फोन उचलत नसेल, असं धरून मी लिहितोय.

लिहिण्याची एक सोय आधी सांगून ठेवतो. स्क्रीनवर मेन्यूची नावं, चुकांचे शिक्के आणि सूत्रं इंग्रजीत दिसतील. इथे ती सगळी देवनागरीत आहेत. सूत्र टाइप करताना फंक्शनचं नाव आणि आकडे इंग्रजीतच टाका. फील्डचं नाव टेबलमध्ये जसं असेल, अगदी तसंच.

हात लावण्याआधी

फाईल बंद करा, तिची कॉपी काढा आणि कॉपीच्या नावात आजची तारीख घाला. दुरुस्ती कॉपीवर करून पाहायची, जमली की मग मूळ फाईलवर. दोन मिनिटांचं काम आहे, पण पाचशे कास्तकारांच्या नोंदी त्या दोन मिनिटांवर टिकून असतात.

मग फॉर्मवर जे दिसतंय ते वहीत जसंच्या तसं उतरवा. "एरर आला" एवढं पुरत नाही. #नेम? आणि #एरर हे दोन वेगळे आजार आहेत, दोन्हींचा इलाजही वेगळा आहे. ते एकाच नोंदीवर येतंय की सगळ्या नोंदींवर, हेही लिहा. एका प्रश्नाने अर्धं काम होतं असा हा प्रश्न आहे: सगळ्या नोंदींवर तेच दिसत असेल तर दोष बहुधा फॉर्मच्या रचनेत असतो, काहीच नोंदींवर दिसत असेल तर बहुधा त्या नोंदींच्या माहितीत.

टेबलापासून वर या

शेतातल्या मोटरीने पाणी फेकलं नाही म्हणून कोणी विहीर खणायला घेत नाही. आधी डीपीवर लाईन आहे का पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग फूटव्हॉल्व्ह. ॲक्सेसच्या फॉर्मलाही असाच क्रम आहे. माहिती टेबलात साठते, टेबलातून क्वेरी ती उचलते, क्वेरीवर फॉर्म उभा असतो आणि फॉर्मवर एकेक चौकट असते, जिला कंट्रोल म्हणतात. चूक दिसते चौकटीत, पण असते या चारपैकी कुठेही.

म्हणून आधी डावीकडच्या यादीतून टेबल उघडा आणि तीच नोंद शोधा. टेबलात वजन, भाव, नाव नीट आहे? मग माहिती शाबूत आहे, घाबरायचं कारण नाही, दोष वरच्या थरात आहे. टेबलातच बिघाड दिसला तर फॉर्मला हात लावून उपयोग नाही.

टेबल ठीक असेल तर यादीतल्या फॉर्मवर राइट क्लिक करून तो डिझाइन व्ह्यूमध्ये, म्हणजे रचना बदलण्याच्या दृश्यात, उघडा आणि एफ४ दाबा. प्रॉपर्टी शीट उघडेल. पूर्ण फॉर्म निवडलेला असताना, म्हणजे डाव्या-वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनावर क्लिक केल्यावर, डेटा टॅबमध्ये 'रेकॉर्ड सोर्स' दिसतो. फॉर्म कुठल्या टेबलावर किंवा क्वेरीवर उभा आहे ते तिथे कळतं. ती क्वेरी असेल तर बाजूला उघडून बघा: हवं ते फील्ड तिच्यात आहे का, आणि ती उघडताना स्वतःच काही विचारते का. त्यानंतर बिघडलेल्या चौकटीवर क्लिक करून तिचा 'कंट्रोल सोर्स' बघा. सूत्र लांबलचक असेल तर त्या ओळीत कर्सर ठेवून शिफ्ट आणि एफ२ दाबा, मोठ्या खिडकीत पूर्ण वाचता येतं.

#नेम? : असं नाव मला सापडत नाही

सर्वांत जास्त दिसणारा शिक्का हाच. चौकट एखाद्या फील्डचं किंवा फंक्शनचं नाव घेतेय आणि ॲक्सेसला त्या नावाचं काहीच सापडत नाही.

बहुतेक वेळा कोणीतरी टेबलात फील्डचं नाव बदललेलं असतं. 'वजन' होतं, कुणी 'निव्वळ वजन' केलं. फॉर्मची चौकट मात्र अजून 'वजन' शोधतेय. कंट्रोल सोर्सच्या ओळीला उजवीकडे बारीक बाण असतो. तो दाबला की फील्डची यादी उघडते. हाताने टाइप करू नका, यादीतून निवडा. टाइप करताना शेवटी एखादी स्पेस राहून जाते आणि ती डोळ्याला दिसत नाही.

यादीत ते फील्ड नसेलच, तर रेकॉर्ड सोर्समधल्या क्वेरीत ते घेतलेलं नाही. क्वेरी डिझाइनमध्ये उघडून फील्ड खाली ओढून आणा, सेव्ह करा.

दुसरं कारण बरोबरच्या चिन्हाचं. चौकटीत हिशेब करायचा असेल तर सुरुवात = ने व्हायला हवी: =[वजन]*[दर]. चिन्ह विसरलं की ॲक्सेस पूर्ण ओळ हेच एक फील्डचं नाव समजतं.

तिसरं कारण नवख्यांना हमखास चकवतं. फाईल व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर आली, उघडली, आणि वर पिवळी पट्टी आली की मजकूर बंद केलाय. ती न वाचता लोक पुढे जातात. फाईल बनवणाऱ्याने स्वतःचं एखादं फंक्शन लिहिलेलं असेल, समजा रक्कम अक्षरी लिहिणारं, तर कोड बंद असल्यामुळे ते फंक्शन ॲक्सेसला दिसत नाही आणि अक्षरी रकमेच्या चौकटीत #नेम? येतं. जुन्या कॉम्प्युटरवर सगळं ठीक, नव्यावर बिघडलं, हे ऐकलं की आधी इथेच बघा. फाईल ओळखीच्या माणसाकडून आली आहे याची खात्री असेल, तरच पट्टीवरचं 'इनेबल कंटेंट' दाबा. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतला कोड सरळ अडवायला सुरुवात केली, त्यामुळे लाल पट्टी येऊन ते बटणच नसेल. तेव्हा फाईल बंद करा, तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि खाली 'अनब्लॉक'वर खूण करा. हे फक्त ओळखीच्या फाईलीसाठी. अनोळखी फाईलीतला कोड चालू करणं म्हणजे कंपनीच्या हिशेबाची किल्ली परक्याच्या हातात देणं.

आजची तारीख दाखवणाऱ्या साध्या चौकटीतही #नेम? येत असेल, तर कोडच्या खिडकीत (ऑल्ट आणि एफ११) टूल्स, मग रेफरन्सेस उघडा. यादीत कुठे 'मिसिंग' लिहिलंय का पाहा. जुन्या कॉम्प्युटरवर असलेली एखादी जोडणी नव्यावर नसली, की तिच्याशी संबंध नसलेली फंक्शनंही बंद पडतात. ती गरजेची नसेल तर समोरची खूण काढा.

#एरर : नाव सापडलं, हिशेब जमला नाही

एक उदाहरण अगदी जवळून पाहू, कारण ही चूक फॉर्म शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडून होते.

फील्डच्या यादीतून तुम्ही 'रक्कम' फॉर्मवर ओढून आणली. ॲक्सेसने चौकट बनवली आणि चौकटीचं स्वतःचं नावही 'रक्कम' ठेवलं. पुढे तुम्हाला वाटलं, हमाली इथेच वजा करून दाखवू. म्हणून कंट्रोल सोर्स बदलून =[रक्कम]-[हमाली] केला. झालं, #एरर. आता 'रक्कम' या नावाची चौकट 'रक्कम' विचारतेय, म्हणजे स्वतःलाच विचारतेय, आणि त्या फेऱ्यातून ती बाहेर येत नाही. इलाज सोपा आहे. प्रॉपर्टी शीटच्या 'ऑल' टॅबमध्ये सगळ्यात वर 'नेम' आहे, तिथे नाव बदलून 'चौकट_रक्कम' असं काहीही ठेवा. सूत्राला हात लावायची गरज नाही.

हिशेबाच्या प्रत्येक चौकटीला असं वेगळं नाव द्यायची सवय लावून घ्या. ही एक सवय लागली की अर्धे #एरर येतच नाहीत.

दुसरी जागा म्हणजे फॉर्मच्या तळाशी असलेली बेरीज. वर प्रत्येक ओळीत =[वजन]*[दर] ची चौकट आहे आणि तिचं नाव 'ओळ_रक्कम'. तळाशी तुम्ही =सम([ओळ_रक्कम]) लिहिलं. हे चालत नाही. सम हे फंक्शन फील्डची बेरीज करतं, हिशेबाच्या चौकटीची नाही. तिथे हिशेब पुन्हा पूर्ण लिहावा लागतो: =सम([वजन]*[दर]). आणि अशी बेरीज फॉर्म फूटरमध्ये, म्हणजे फॉर्मच्या तळाच्या पट्टीत ठेवा, पेज फूटरमध्ये ठेवली तर चालणार नाही.

या तळाच्या चौकटींची आणखी एक खोड आहे. एकीचं सूत्र चुकलं की शेजारच्या बरोबर असलेल्या बेरजाही #एरर दाखवू लागतात. चार चौकटी बिघडल्या म्हणून चारही खोडून लिहायच्या नाहीत. एकेक तात्पुरती रिकामी करा, फॉर्म उघडून बघा. जी काढल्यावर बाकीच्या बऱ्या होतात, दोष तिच्यात.

रकमेची जागा कोरी

#एरर दिसला तर निदान चूक झाल्याचं कळतं. कोरी चौकट जास्त फसवते.

कास्तकाराचं वजन आहे, भाव आहे, पण ओलाव्याची कपात भरलेली नाही, कारण माल कोरडा होता. सूत्र आहे =([वजन]-[कपात])*[दर]. चौकटीत काहीच येत नाही. ॲक्सेसच्या लेखी न भरलेली जागा म्हणजे शून्य नव्हे. ती 'माहीत नाही' अशी जागा आहे, तिला नल म्हणतात. साडेबारा क्विंटलमधून 'माहीत नाही' वजा केलं तर उत्तरही 'माहीत नाही'. ॲक्सेसला सांगावं लागतं की कोरी जागा शून्य धर. त्यासाठी एनझेड हे फंक्शन आहे:

=([वजन]-एनझेड([कपात],०))*[दर]

कपातीला एनझेड लावा, वजनाला लावू नका, असं मी आग्रहाने सांगेन. वजनच भरलं नसेल तर रक्कम कोरीच दिसली पाहिजे. तिथे शून्य रुपये दिसले तर कोणी ती पावती छापून मोकळं होईल.

भागाकारात वेगळे शिक्के येतात. दर पोत्यामागे सरासरी वजन काढायला =[वजन]/[पोती] लिहिलं आणि पोत्यांच्या जागी शून्य असेल, तर #डिव्ह/०! येतं. वजनही शून्य, पोतीही शून्य, तर #नम! येतं. नव्या कोऱ्या नोंदीवर हे दिसतं, कारण ॲक्सेस नव्या अंकी फील्डची सुरुवातीची किंमत बहुधा शून्य ठेवतं. उपाय:

=आयआयएफ([पोती]>०,[वजन]/[पोती],नल)

#### अशी नुसती रांग दिसली तर ती चूकच नाही. आकडा मोठा आहे, चौकट अरुंद आहे. रुंदी वाढवा.

आकडा दिसतो, पण खोटा

आता ज्या भागासाठी मला हा लेख लिहावासा वाटला, तो. कुठलाही शिक्का नाही, कोरी जागा नाही, फॉर्म स्वच्छ दिसतोय आणि तरी कास्तकाराचं नुकसान होतंय.

ॲक्सेसमध्ये नंबर प्रकारचं नवं फील्ड केलं की त्याचा 'फील्ड साइज' आपोआप लाँग इंटिजर होतो. त्यात अपूर्णांक बसत नाही. तुम्ही १२.४५ टाइप केलं, एंटर मारलं, टेबलात १२ साठलं. कोणी हुशारी करून दोन दशांश स्थळं दाखवायची सेटिंग केली असेल, तर फॉर्मवर १२.०० दिसतं आणि संशयही येत नाही.

२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. १२.४५ क्विंटलचे होतात ६०,९०५ रुपये ४० पैसे. १२ क्विंटलचे ५८,७०४. एका काटापट्टीमागे २,२०१ रुपये ४० पैसे गेले, आणि स्क्रीनवर सगळं ठीकठाक.

टेबल डिझाइन व्ह्यूमध्ये उघडा, वजनाच्या ओळीवर या, खाली फील्ड साइज बघा. लाँग इंटिजर असेल तर 'डबल' करा. 'डेसिमल' केलं तर 'स्केल', म्हणजे दशांश स्थळं, तीही २ करा, नाहीतर शून्य स्केलवर पुन्हा तेच होईल. पैशाच्या फील्डांना 'करन्सी' हा प्रकारच द्या. पण हे केल्याने आधी कापले गेलेले अपूर्णांक परत येत नाहीत. जुन्या नोंदी कागदी काटापट्ट्यांवरून पुन्हा भराव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, तरी ते करायलाच हवं. पैसे लोकांचे आहेत.

मोबाइल नंबरची गोष्ट याचीच भावंड. लाँग इंटिजरमध्ये जास्तीत जास्त २,१४७,४८३,६४७ एवढा आकडा मावतो. नऊने सुरू होणारा दहा अंकी नंबर त्याहून मोठा आहे, म्हणून ॲक्सेस तो घेतच नाही. मोबाइल, आधार, बँक खातं, पिनकोड यांची आपण कधी बेरीज करत नाही. हे सगळे टेक्स्ट प्रकारात ठेवा. खात्याच्या नंबरातली सुरुवातीची शून्यंही त्यामुळे टिकतात.

गट नंबराचं तर विचारूच नका. यादी एक्सेलमधून आणलेली असेल आणि गट नंबर १२/२ असेल, तर एक्सेलने त्याची आधीच तारीख करून टाकलेली असते. फॉर्मवर गटाच्या जागी फेब्रुवारी किंवा डिसेंबर दिसू लागतो. हे ॲक्सेसमध्ये दुरुस्त होत नाही. एक्सेलमध्ये मूळ यादी भरण्याआधी तो पूर्ण कॉलम टेक्स्ट करावा लागतो.

तारखा उलट्या

जोडून घेतलेल्या कॉम्प्युटरवर विंडोजची सेटिंग बऱ्याचदा अमेरिकेची असते. तिथे ५/११/२०२४ टाइप केलं तर ते ११ मे म्हणून साठतं. १३/११ टाइप केलं तर तेरावा महिना नसल्यामुळे ॲक्सेस समजून घेतं आणि १३ नोव्हेंबर साठवतं. म्हणजे प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतल्या नोंदी चुकीच्या, पुढच्या बरोबर. खूण पटकन पटते: नोव्हेंबरात खिडकीवर घेतलेलं सोयाबीन मे महिन्याच्या यादीत दिसतं.

विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये इंग्लिश (इंडिया) निवडा. शिवाय टेबलात तारखेच्या फील्डचा 'फॉरमॅट' असा ठेवा की महिना अक्षरांत दिसेल: आधी दिवसासाठी डीडी, मग एमएमएम, मग वाय चार वेळा, मधे आडव्या रेघा. ०५-नोव्हें-२०२४ सारखं दिसलं की कोणी फसत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कोडमध्ये किंवा कोडमधून बनवलेल्या फिल्टरमध्ये दोन # चिन्हांच्या मधे लिहिलेली तारीख ॲक्सेस महिना-दिवस अशाच क्रमाने वाचतं, विंडोजची सेटिंग काहीही असो. तिथे वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिलं की गोंधळ उरत नाही.

मराठी अक्षरांचे हाल

इथे चार वेगवेगळी चित्रं दिसतात. कुठलं दिसतंय ते ओळखता आलं पाहिजे, कारण दोनांमध्ये माहिती शाबूत असते आणि एकात ती गेलेली असते.

नावांच्या जागी नुसते चौकोन दिसले तर चौकटीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. फॉन्ट बदलून निर्मला यूआय किंवा मंगल करा. माहितीला काही झालेलं नाही.

नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची अर्थ नसलेली खिचडी दिसली, तर ती यादी कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. त्या फॉन्टमध्ये आतली अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त दिसायला मराठी. चौकटीचा फॉन्ट कृतिदेव केला की ती वाचता येते, पण त्यावर शोध आणि अकारविल्हे लावणं बेभरवशाचं राहतं. हंगाम संपला की कन्व्हर्टरने पूर्ण यादी युनिकोडमध्ये करून घ्या. हंगामाच्या मधे हे काढू नका.

टोप्या आणि बिंदू लावलेली परदेशी अक्षरं, आणि तीच ती जोडी पुन्हा पुन्हा, असं दिसलं तर फाईल आणताना भाषा चुकीची निवडली गेली. टेक्स्ट किंवा सीएसव्ही फाईल आणताना 'ॲडव्हान्स्ड' बटण दाबून कोड पेज ६५००१, म्हणजे यूटीएफ-८ निवडा आणि यादी पुन्हा आणा.

आणि प्रश्नचिन्हांची रांग. टेबलातही प्रश्नचिन्हंच असतील तर ती अक्षरं गेली. फॉन्ट बदलून परत येणार नाहीत. मूळ यादीकडे जावं लागेल. प्रश्नचिन्हं फक्त एखाद्या संदेशात किंवा बटण दाबल्यावरच येत असतील तर कारण वेगळं आहे: ॲक्सेसच्या कोडच्या खिडकीला देवनागरी लिहिता येत नाही. मराठी संदेश कोडमध्ये लिहू नका. फॉर्मवर लेबल ठेवून त्यात लिहा आणि कोडने ते फक्त दाखवा-लपवा.

याच कारणाने टेबलांची आणि फील्डांची नावं इंग्रजी अक्षरांत, स्पेस न देता ठेवावीत असं माझं ठाम मत आहे. मराठी लेबलमध्ये. नाव आणि तारीख यांच्यासाठी नुसतं 'नेम' आणि 'डेट' मात्र ठेवू नका. हे शब्द ॲक्सेसने स्वतःसाठी राखून ठेवले आहेत, आणि कास्तकाराच्या नावाच्या जागी कधी कधी फॉर्मचंच नाव दिसायला लागतं.

वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जात असतील, पुसदचं पसद दिसत असेल, तर चौकटीची उंची वाढवा. इंग्रजीच्या मापाने काढलेली चौकट देवनागरीला कमी पडते.

नावाऐवजी नंबर, आणि रिकामा फॉर्म

गावाच्या यादीतून 'घाटंजी' निवडायचं, पण चौकटीत १७ दिसतंय. ही कॉम्बो बॉक्सची नेहमीची गोष्ट. टेबलात गावाचा क्रमांक साठतो आणि तसाच साठायला हवा. फक्त दाखवायचं नाव. 'कॉलम काउंट' २ करा, 'बाउंड कॉलम' १ राहू द्या आणि 'कॉलम विड्थ्स'मध्ये पहिल्या कॉलमला शून्य द्या: ०;४. शून्य रुंदीचा क्रमांक लपतो, नाव दिसतं.

फॉर्म उघडला आणि जुन्या नोंदीच नाहीत? टेबल उघडून बघा, तिथे त्या असतील. मग फॉर्मच्या प्रॉपर्टीत 'डेटा एंट्री' यस झालं असेल. तसं असलं की फॉर्म फक्त नवी नोंद दाखवतो. नो करा. किंवा मागच्या वेळी कोणी एका गावाचा फिल्टर लावून फॉर्म सेव्ह केला असेल. खालच्या पट्टीवर 'फिल्टर्ड' लिहिलेलं दिसतं, तिथे क्लिक करून काढा. चौकटीसुद्धा नाहीत, नुसता कोरा रंग आहे, असं असेल तर दाखवायला एकही नोंद नाही आणि नवी घ्यायला फॉर्मला परवानगी नाही. 'अलाऊ ॲडिशन्स' बघा. तेही यस असेल तर रेकॉर्ड सोर्सची क्वेरी बहुधा बेरजेची, म्हणजे ग्रुप बाय असलेली आहे. तिच्यात नवी नोंद भरता येत नाही.

वरच्या फॉर्ममध्ये कास्तकार बदलला तरी खालच्या सबफॉर्ममध्ये, म्हणजे फॉर्मच्या आतल्या फॉर्ममध्ये, त्याच पावत्या राहत असतील, तर 'लिंक मास्टर फील्ड्स' आणि 'लिंक चाइल्ड फील्ड्स' या दोन ओळी रिकाम्या आहेत. दोन्हींत सभासद क्रमांकाचं फील्ड टाका.

एकाखाली एक ओळी असलेल्या फॉर्मवर एकीवर टिक केली आणि सगळ्यांवर टिक झाली, तर त्या चौकटीला फील्डच जोडलेलं नाही. टेबलात यस/नो प्रकारचं फील्ड करा आणि ते जोडा.

फॉर्म उघडताना खिडकी येऊन एखाद्या नावाची किंमत विचारत असेल, तर काहीबाही भरून पुढे जाऊ नका. खिडकीत लिहिलेलं नाव वाचा. ते नाव आता अस्तित्वात नाही, पण क्वेरीत, किंवा फॉर्मच्या 'ऑर्डर बाय' अथवा 'फिल्टर' ओळीत कुठेतरी उरलंय. तिथून काढा. मी 'ऑर्डर बाय' आधी बघतो, कारण तिथे कोणीच बघत नाही.

लाईन गेल्यावर

लाईन अचानक गेली आणि पुन्हा उघडल्यावर एखाद्या नोंदीत #डिलीटेड किंवा चिनीसारखी अक्षरं दिसली, तर फाईलच दुखावली आहे. नवी नोंद करू नका. सगळ्यांना फाईल बंद करायला सांगा, कॉपी काढा, मग फाईल मेन्यूतून 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवा. एकच फाईल वायफायवरून दोन लॅपटॉपवर उघडत असाल तर हे पुन्हा होणार. ॲक्सेसला मधेच तुटणारी जोडणी सहन होत नाही. केबल वापरा, टेबलं एका फाईलीत आणि फॉर्म दुसऱ्या फाईलीत करून घ्या, आणि कॉम्प्युटरला यूपीएस लावा.

टेबलांची फाईल पेनड्राइव्हवर ठेवून काम चालू असेल, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर ड्राइव्हचं अक्षर बदलतं आणि फॉर्म म्हणतो की रस्ता सापडत नाही. 'लिंक्ड टेबल मॅनेजर'मधून नवी जागा दाखवा. आणि पेनड्राइव्हवरून काम करणं त्याच दिवशी बंद करा. तो फक्त कॉपी ठेवायला.

तरीही जमलं नाही तर

जाणकाराला विचारताना फोटो तीन पाठवा: बिघडलेली चौकट, तिच्या प्रॉपर्टी शीटचा डेटा टॅब, आणि पूर्ण फॉर्मचा डेटा टॅब. कंट्रोल सोर्स आणि रेकॉर्ड सोर्स त्यात वाचता आले पाहिजेत. एवढ्यावर बहुतेक प्रश्न फोनवरच सुटतात.

पूर्ण फाईल मागितली तर मूळ फाईल देऊ नका. नवी रिकामी डेटाबेस फाईल बनवा, 'एक्स्टर्नल डेटा'मधून जुन्या फाईलीतली टेबलं, क्वेरी आणि फॉर्म आणा, आणि आणताना 'ऑप्शन्स'मध्ये टेबलांसाठी 'डेफिनिशन ओन्ली' निवडा. म्हणजे रचना येते, नोंदी येत नाहीत. मग मनाने दोन-तीन खोट्या नोंदी भरा, बिघाड तिथेही दिसतो का ते पाहा, आणि ती फाईल पाठवा. कास्तकारांचे आधार आणि खाते नंबर तुमच्याच कॉम्प्युटरवर राहू द्या.